बांधावरची कणगी: रानबदकं आणि होले नेमकं खातात काय?

माघातली सकाळ होती. जळगाव जिल्ह्यात, चांगदेवच्या बाजूला, हतनूर धरणाच्या फुगवट्याच्या काठाला, गाळपेरीतला हरभरा घाट्यात आला होता. त्याच्या पलीकडे, पाणी जिथे वीतभर उरतं तिथे, दीड-दोनशे बदकं माना खाली घालून चरत होती. हरभरा ज्यांचा, ते आबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, ही पाखरं आमच्या हरभऱ्यावर तर नाही ना उतरत?"

मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. ते बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "ही तर चिखल खाताहेत."

बरोबरच पाहिलं होतं त्यांनी. फक्त तो चिखल बियांनी भरलेला असतो, हे दुर्बिणीतून दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यात त्याच गाळावर जे तण माजलं होतं त्याचं ते बी. आबांनी ते तण कधी पेरलं नव्हतं, राखलं नव्हतं, आणि जमेल तेवढं उपटूनच टाकलं होतं. रानपाखरांच्या पोटाचा विचार करताना आपण पिकापासून सुरुवात करतो. ज्वारीचं कणीस, मक्याचं शेत, खळ्यावरचं सांडलेलं धान्य, हे सगळं आपल्याला दिसतं. पण पीक ही पाखरांची सुगी आहे, चार दिवसांची. त्यांची कणगी, म्हणजे धान्य साठवायची कोठी, ती तण. वर्षाच्या ज्या महिन्यांत शेतात दाणा नसतो, तेव्हा ती कणगी उघडते. खान्देशात हे फार स्वच्छ पाहायला मिळतं, म्हणून इथलीच उदाहरणं घेतो.

आधी बदकाची चोच समजून घेऊ. थापट्या नावाचं बदक आहे, चोच फावड्यासारखी रुंद. तिच्या दोन्ही कडांना आतून कंगव्यासारखे बारीक दात असतात. ते चावण्यासाठी नसून गाळण्यासाठी असतात. चोचीच्या टोकाकडून चिखलपाणी आत घ्यायचं, जिभेने दाबून कडेने बाहेर सोडायचं, आणि कंगव्यात अडकेल ते गिळायचं. चक्रांग, तलवार बदक, आपलं बारमाही हळदी-कुंकू, या सगळ्यांकडे ही चाळणी कमी-अधिक बारीक असते. (हळदी-कुंकवाला ते नाव कसं पडलं असेल हे त्याची चोच एकदा जवळून पाहिली की कळतं. टोकाला हळद, बुडाशी कुंकवाची दोन बोटं.) ही बदकं बुड्या मारत नाहीत. शेपटी वर करून मान जेवढी पोचेल तेवढंच त्यांचं ताट. म्हणजे पाणी वीत-दीड वीत असेल तर पोट भरतं, आणि कमरेएवढं झालं की खाली कितीही बी पडलेलं असो, त्यांच्या कामाचं नाही. लालसरी, शेंडी बदक ही बुडी मारणारी मंडळी, त्यांचं गणित निराळं.

आता धरणाचा वर्षभराचा फेरा डोळ्यांपुढे आणा. पावसाळा सरता सरता धरण भरतं. हिवाळ्यात सिंचनाला पाणी सुटू लागलं की काठ उघडा पडत जातो. त्या ओल्या गाळावर माणसं हरभरा, गहू, पुढे टरबूज लावतात, ती गाळपेर. पण सगळ्याच गाळावर पेर होत नाही. जिथे ट्रॅक्टर रुततो, जिथे जमीन कुणाच्या वाट्याला येत नाही, तिथे गाळ आपलं बी आपण उगवतो. लव्हाळ्याचे भाऊबंद येतात. उपवासाला आपण जी भगर खातो तिच्या नात्यातली रानगवतं येतात. पाण्याच्या कडेला शेरळ येते, तीच ती गुलाबी तुऱ्यांची, सांध्यासांध्यांची. ही सगळी उन्हाळाभर ओलीवर जगून बी टाकतात. मग पाऊस लागतो, हतनूरच्या ४१ दरवाजांच्या बातम्या सुरू होतात, आणि शेवटी दरवाजे बंद होऊन पाणी चढलं की ते सगळं बी पाण्याखाली जातं. कणगीला झाकण लागतं.

दिवाळीच्या पुढे-मागे पाहुणी बदकं येतात तेव्हा बरंचसं बी अजून खोल पाण्यात असतं. पण पाणी जसजसं उतरतं तसतशी वीतभर पाण्याची रेघ काठावरून आत आत सरकत जाते, आणि रोज थोडं नवं बी चोचीच्या पल्ल्यात येतं. बदकं त्या रेघेबरोबर सरकतात. आबांच्या हरभऱ्यापलीकडचा थवा त्या दिवशी तिथे का होता, याचं उत्तर एवढंच. त्या आठवड्यात रेघ तिथे होती.

अमेरिकेत हेच काम ठरवून केलं जातं. मिसूरी राज्यात ली फ्रेडरिक्सन या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९८२ मध्ये त्याची पद्धतच मांडली. बांध घातलेल्या उथळ तळ्यांतलं पाणी वसंतात हळूहळू सोडायचं, ओल्या चिखलावर स्थानिक तण उगवू द्यायचं, बी धरू द्यायचं, आणि शरदात बदकं यायच्या वेळी पुन्हा वीतभर पाणी भरायचं. पाणी कधी उतरवलं आणि किती हळू उतरवलं यावर कोणतं तण येणार हे ठरतं. तिथली तणं म्हणजे शेरळीच्या, लव्हाळ्याच्या आणि भगरीच्याच नात्यातली. कुळं तीच, जाती वेगळ्या. त्यांना ज्यासाठी दारं, पाट आणि पगारी माणसं लागतात ते आपल्याकडे सिंचनाच्या वेळापत्रकात आपोआप घडतं. मला ही फार मोठी देणगी वाटते, आणि ती आपल्या लक्षातही येत नाही.

मग प्रश्न येतो: तण कशाला, सरळ मका पेरून त्यात पाणी सोडलं तर? तिकडे तेही करतात. मका, ज्वारी, बाजरीसारखी धान्यं भरपूर ऊर्जा देतात, पिष्टच पिष्ट. कडाक्याच्या थंडीत बदकाला ती हवीच असते. पण पाण्याखाली धान्य टिकत नाही. अमेरिकेतल्या एका जुन्या प्रयोगात बिया ९० दिवस पाण्याखाली ठेवल्या. सोयाबीनचा दहापैकी आठ भागांहून जास्त भाग कुजून गेला. मका निम्मा गेला. भगरीच्या नात्यातल्या गवताचं बीही निम्म्याच्या आसपास गेलं. शेरळीच्या जातभाईच्या बियांचा मात्र पाचातला एकच भाग गेला. शेरळीचं बी हातावर घेतलं तर कारण कळतं. काळं, चकचकीत, चपटं, आणि नखाने सहज न फुटणारं. आपल्या धरणात हे बी महिनोन् महिने पाण्याखाली राहायचं असतं. तिथे अशीच टणक कवचाची बी कामाला येते.

सोयाबीनची आणखी एक अडचण आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो. आपण शिजवतो तेव्हा तो निकामी होतो. बदक शिजवणार कुठून? शिवाय कोरडे दाणे गिळल्यावर ओलाव्याने अन्ननलिकेत फुगतात आणि त्याने बदकं मेल्याच्याही नोंदी आहेत. म्हणजे माणसाच्या दृष्टीने जे सकस, ते पाखराला सोसेलच असं नाही.

आणि पोट भरणं म्हणजे पोषण होणं नव्हे, हे भाकरी खाणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको. नुसती भाकरी खाऊन भागत नाही, सोबत डाळ लागते. म्हणून तर आपल्याकडे ज्वारीत उडीद घालून कळण्याची भाकरी होते. मक्यात आणि ज्वारीत लायसिन नावाचा प्रथिनांचा एक आवश्यक घटक कमी असतो. तणांच्या बियांची मिसळ ती उणीव भरते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तणांच्या बुडाशी, कुजणाऱ्या पाल्यात, किडे-अळ्या आणि गोगलगायी वाढतात. मार्चमध्ये परत जाण्याआधी पिसं आणि स्नायू सावरायला बदकांना ते मांस हवं असतं. हळदी-कुंकवाची पिल्लं तर पहिले काही आठवडे मुख्यतः किड्यांवरच वाढतात. स्वच्छ नांगरलेल्या, एकाच पिकाच्या चिखलात हे मिळत नाही.

आता होल्यांकडे येतो, आणि इथे जरा रेंगाळणार आहे, कारण बदकं पाहायला धरणावर जावं लागतं पण होला तुमच्या दारातल्या तारेवर बसलेला असतो.

खान्देशात साधारण चार होले सहज दिसतात. छोटा तपकिरी होला, ठिपकेवाला होला, मानेवर काळी कड असलेला कंठी होला, आणि विटकरी रंगाचा लाल होला. चौघांचंही जेवण जवळजवळ पूर्ण बियांचं. पण त्यांना एक गोष्ट जमत नाही. कोंबडी पायाने उकरते, तित्तिर उकरतो. होल्याचे पाय त्या कामाचे नाहीत. बी उघड्या जमिनीवर सुटं पडलेलं असेल तरच तो ते टिपतो. दाट गवतात, पालापाचोळ्याखाली मणभर बी असलं तरी त्याच्या लेखी ते नसल्यासारखंच. म्हणून वखरलेल्या रानाच्या कडेला, पायवाटेवर, खळ्याच्या भोवती होले दिसतात. बदकाला जसं वीतभर पाणी, तशी होल्याला वीतभर उघडी माती.

टिपलेलं बी तो तसंच गिळतो. गळ्याच्या खाली त्याला एक पिशवी असते. ती भरभर भरायची, पाणवठ्यावर जायचं, चोच बुडवून आपण ओंजळीला तोंड लावून पितो तसं सलग ओढून प्यायचं (बहुतेक पाखरं घोट घेऊन मान वर करतात, होला करत नाही), आणि मग बाभळीत किंवा हिवरात सावलीला बसून पोटातल्या खड्यांनी ते बी दळायचं.

याच पिशवीत आणखी एक नवल घडतं. पिल्लं निघाली की नर आणि मादी दोघांच्याही या पिशवीच्या अस्तरातून दह्यासारखा घट्ट स्राव सुटतो. चरबी आणि प्रथिनांनी भरलेला. पिल्लांचे पहिले दिवस त्यावरच जातात, मग हळूहळू त्यात बी मिसळायला लागतं. चिमणीला पिल्लांसाठी किडे शोधावे लागतात, म्हणून तिची वीण किड्यांच्या हंगामाला बांधलेली. होला स्वतः बी खाऊन पिल्लांना दूध देतो, त्यामुळे बी मिळतंय तोवर तो जवळजवळ कोणत्याही महिन्यात घरटं करू शकतो. एका वेळी अंडी दोनच, पण वर्षातून अनेकदा. या साऱ्याची चावी एकच, बारा महिने बी.

आता आपल्या शेताचं वर्ष पाहा. पोळ्याच्या सुमाराला मूग-उडीद निघतात. मग बाजरी, खरिपाची ज्वारी, मका. फाल्गुनाच्या आसपास दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, आणि हरभरा, मग गहू. अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे आपल्या आखाजीपर्यंत, खळी मोकळी होतात. तिथून पुढे मूग निघेपर्यंत शेतात सुटा दाणा जवळजवळ नाही. कपाशीत होल्याला खायला सरकी जमत नाही. रावेर-यावलच्या केळीत तर बीच नसतं. मृगाचा पहिला पाऊस पडला की मातीत राहिलेला ज्वारी-बाजरीचा दाणा चार दिवसांत एकदम उगवतो आणि संपतो. पीक हजारो वर्षं माणसाने निवडत आणलंय ते सगळं एकदम उगवावं म्हणूनच.

तणाचं तसं नाही. तणाचं बी झोपून राहतं. एकाच झाडाच्या बियांतल्या काही यंदा उगवतात, काही पुढच्या वर्षी, काही त्यानंतर कधीतरी. शेतकऱ्याला तण संपता संपत नाही ते यामुळे, आणि होल्याची कणगी रिकामी होत नाही तीही यामुळेच. वैशाखाच्या उन्हात, रान तव्यासारखं तापलेलं असताना, होला बांधाच्या कडेला काय टिपत फिरतो असा प्रश्न पडला तर तिथली चिमूटभर माती कागदावर पसरून पाहा.

मी पाहिली आहे. आमच्या बांधावर तांदुळजा आणि कुर्डू दरवर्षी येतो. कार्तिकात तांदुळज्याचा वाळका तुरा तळहातावर चोळून फुंकर मारली की फोलपट उडून जातं आणि हातात खसखशीएवढे काळे, आरशासारखे चमकणारे दाणे उरतात. राजगिऱ्याचा लाडू ज्याचा होतो त्याच कुळाचं हे. एका तुऱ्यातले मोजायला बसलो आणि पाचशेच्या पुढे डोळे शिणले. या कुळातलं मोठं, मोकळं वाढलेलं एकच झाड लाखभर बी टाकू शकतं. राजगिऱ्यासारखं त्यात प्रथिनंही मक्यापेक्षा जास्त. उन्हाळ्यात त्याच जागेवरची माती कागदावर पसरली तेव्हा त्यात हे काळे मणी होते, घोळीच्या त्याहून बारीक बिया होत्या आणि गवतांची कुसळं होती. जुन्या माणसांनी एका गवताचं नावच चिमणचारा ठेवलंय. ज्याने ते ठेवलं त्याने निंदताना वर मान करून पाहिलं असणार.

एका वर्षी मजूर मिळेनात म्हणून आम्ही बांधावरही तणनाशक मारलं. बांध महिनाभर पिवळा पडला, मग नुसती माती. त्या हिवाळ्यात तिथे होले उतरलेले मला आठवत नाहीत. एका बांधावरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला मान्य आहे, पण इंग्लंडमध्ये हीच गोष्ट साऱ्या देशावर घडली आणि तिची नोंद आहे. तिथला स्थलांतर करणारा कवडा, आपल्या होल्याचाच भाऊबंद, १९६० च्या दशकात प्रामुख्याने तणांच्या बियांवर जगत होता. तणनाशकांनी शेतं स्वच्छ झाली. १९९० च्या दशकात पुन्हा तपासलं तेव्हा त्याच्या खाण्यात निम्म्याहून जास्त वाटा शेतातल्या धान्याचा आणि मोहरीवर्गीय पिकाचा होता. उपाशी मेला नाही तो. पण त्याची विणीची मुदत आखडली, एका हंगामातल्या विणी जवळपास निम्म्यावर आल्या, आणि आज तिथे त्याची संख्या ९५ टक्क्यांहून जास्त घटली आहे. स्थलांतराच्या वाटेवरच्या शिकारीचाही त्यात हात आहे, पण बियांची गोष्ट अभ्यासकांनी ठळकपणे मांडली आहे. धान्य होतं, कणगी गेली.

शेतकरी म्हणून माझं म्हणणं नीट सांगतो, नाहीतर गैरसमज होईल. पिकात तण ठेवा असं मी म्हणत नाही. पहिला महिना-दीड महिना कपाशीत आणि ज्वारीत निंदणी, वखरणी झालीच पाहिजे, त्यात कसूर झाली की उत्पन्न बुडतं. प्रश्न बांधाचा, नाल्याच्या काठाचा, विहिरीभोवतीच्या तुकड्याचा आणि पीक काढल्यानंतरच्या रानाचा आहे. तिथे फवारा मारून आपल्याला काहीच मिळत नाही. शिवाय होल्याच्या पोटात दळलेलं बी पुन्हा उगवत नाही, म्हणजे तो बांधावरचं बी शेतात येण्याआधी काही अंशी कमीच करतो. बदकाचं मात्र वेगळं. बारीक, टणक बी त्याच्या पोटातून जिवंत बाहेर पडू शकतं आणि एका तलावातून दुसऱ्या तलावात जाऊन रुजतं.

सगळं तण सारखं नाही, हेही लक्षात ठेवा. गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्याकडे पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आता कुठे नाही ते विचारा. ते जिथे माजतं तिथे तांदुळजा-घोळीला जागा उरत नाही. तलावाच्या काठचा बेशरम आणि पाण्यावरची जलपर्णी तसलीच, दोन्ही दक्षिण अमेरिकेकडची. जलपर्णीने पाणी झाकलं की खाली उजेड जात नाही, पाणवनस्पती मरतात, आणि बदकाला चोच बुडवायलाही जागा राहत नाही. ही उपटलीच पाहिजेत. सरसकट "परकं ते वाईट" असंही नाही. काटेमाठ मूळचा अमेरिकेकडचाच, पण त्याचं बी तांदुळज्यासारखंच आहे. जागा अडवून बाकीच्यांना मारतं का, एवढं पाहायचं.

पाखरांसाठी मुद्दाम काही पेरायचं असेल तर बारीक दाण्याचं पेरा. बाजरी, राळा, तीळ, सोबत थोडं सूर्यफूल. अमेरिकेत होल्यांसाठी अशी शेतं राखतात आणि पीक वाळल्यावर पट्ट्यापट्ट्याने आडवं पाडतात, म्हणजे बी उघड्या मातीवर सांडतं. तिथे हे बरंचसं शिकारीसाठी चालतं, ते खरं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पाखरांची शिकार गुन्हा आहे, पण पट्टीची युक्ती तशीच लागू पडते. ज्वारी काढल्यावर एखादा कोपरा आठ-पंधरा दिवस न नांगरता धसकटासकट राहू द्या, तेवढंही पुरतं. गच्चीवर दाणे टाकत असाल तर ढीग घालू नका. ढिगावर दाटी होते आणि आजारी होल्याच्या लाळेतून घशाचा रोग दुसऱ्याला लागतो. पातळ पसरा, पाण्याचं परळ रोज घासा. आणि पेरणीच्या दिवसांत औषध लावलेलं रंगीत बियाणं बांधावर सांडलं तर लगेच मातीआड करा. काही औषधांचे मोजके दाणेही लहान पाखराचा जीव घेऊ शकतात.

तलावांचं एक सांगायचं राहिलं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून गाळ निघतो, शेताला मिळतो, हे चांगलंच आहे. पण पोकलेन लावून चारही काठ उभे कापले की वीतभर पाण्याची रेघच नाहीशी होते. पाणी एकतर नाही किंवा एकदम पुरुषभर. गावाच्या पाझर तलावाचा एक तरी काठ उतरता ठेवायला ठेकेदाराला सांगता येतं. त्यात खर्च वाढत नाही.

त्या सकाळी आबांनी दुर्बीण परत दिली आणि आम्ही दोघं पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेलो. बदकं उठून थोडी पुढे जाऊन बसली. आबांनी वाकून मूठभर चिखल घेतला, पाण्यात हलकेच खळखळून धुतला, आणि तळहात माझ्यापुढे धरला. रेतीच्या कणांत सहा-सात काळे चकचकीत दाणे होते. "शेरळ," ते म्हणाले. "दरसाल उपटतो मी हिला." मग टरबुजाच्या वाफ्यांसाठी आखलेल्या जागेच्या खाली, जिथे ट्रॅक्टर दरवर्षी रुततो, त्या पट्टीकडे पाहत म्हणाले, "ते खालचं यंदा राहू देतो." मे महिन्यात पाणी तिथून उतरलं की काय उगवतं ते पाहायला मी जाणार आहे.